शनिवारचे चार तास आणि वर्षभरात विकलेला शेअर

सांगलीत आम्ही दहा-बारा जण महिन्यातल्या एका रविवारी एकत्र बसून कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचतो. कुणी शिक्षक आहे, कुणाचं औषधांचं दुकान आहे, दोघं बँकेतून निवृत्त झालेत. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदारही येतात, त्यांना सगळे आबा म्हणतात. गेल्या पावसाळ्यातल्या एका बैठकीत मी प्रत्येकाच्या हातात एक पान दिलं. त्यावर कंपनीचं नाव, देश किंवा साल काहीच लिहिलेलं नव्हतं. मजकूर असा होता :

‘एक कंपनी मोटार विमा विकते. तिला एजंट नाहीत, पॉलिसी टपालाने थेट ग्राहकाकडे जाते. ग्राहक बहुतेक सरकारी नोकर आहेत. चौदा वर्षांत जमा होणारा हप्ता एक लाखावरून ऐंशी लाखांवर गेला आहे. तुम्ही गेल्या वर्षी आपल्या पुंजीतला निम्म्याहून जास्त पैसा या शेअरमध्ये घातलात. आज तो ४८ टक्क्यांनी वाढला आहे. दुसऱ्या एका विमा कंपनीचा शेअर वर्षाच्या नफ्याच्या जेमतेम एक पट भावात मिळतो आहे. पहिली विकून दुसरी घ्याल का?’

अकरा जण हजर होते. नऊ जणांनी विकण्याच्या बाजूने हात वर केले. त्यांच्या जागी असतो तर मीही विकलाच असता. एका वर्षात ४८ टक्के मिळालेत, समोर त्याहून स्वस्त माल पडलाय, मग थांबायचं कशाला, असाच हिशेब कुणीही करेल.

हे पान अमेरिकेतले नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या आयुष्यातलं आहे. साल १९५२, कंपनी गायको. त्यांनीही विकला. हाती आले १५,२५९ डॉलर. पुढच्या वीस वर्षांत त्याच शेअरची किंमत जवळपास १३ लाख डॉलर झाली, असं त्यांनी १९९५ सालच्या भागधारकांसाठीच्या पत्रात स्वतः लिहिलं आहे. हिशेब केला तर वर्षाला साधारण २५ टक्के चक्रवाढ होते.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं. ‘शेअर बाजार कुणाकडून शिकावा?’ हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतं. इथे शिकणारा विलक्षण हुशार होता, शिकवणारे आपापल्या कामात मुरलेले होते, शिकवणही खरी होती. तरीही शिष्याने वर्षभरात चूक केली. ती आळसातून झाली नाही आणि लोभातूनही झाली नाही. माझ्या मते ती गुरूचा एक धडा फार प्रामाणिकपणे पाळल्यामुळे झाली. म्हणून ती बारकाईने बघण्यासारखी आहे.

वर्गात काय शिकवलं जायचं

बफे यांचे गुरू बेंजामिन ग्रॅहम शिकवायचे कोलंबिया विद्यापीठात, पण त्यांचा पेशा गुंतवणुकीचा. जेरोम न्यूमन यांच्याबरोबर ते ग्रॅहम-न्यूमन ही कंपनी चालवायचे. १९२९ ते १९३२ च्या मंदीत त्यांच्या हातातल्या पैशातला सुमारे ७० टक्के बुडाला होता. पुढे त्यांनी जे नियम बांधले त्यांच्या मागे ती पडझड आहे. शेअर म्हणजे धंद्याचा तुकडा. त्या धंद्याच्या अंदाजे मोलापेक्षा बऱ्याच कमी भावात घ्यायचा, म्हणजे अंदाज चुकला तरी माणूस उभा राहतो. आणि एकाच ठिकाणी सगळं लावायचं नाही, पसरून ठेवायचं.

१९५० साली बफे १९ वर्षांचे होते. हार्वर्डने त्यांना प्रवेश नाकारला होता. ग्रॅहम यांचं १९४९ साली आलेलं पुस्तक ते वाचून बसले होते. हे गृहस्थ कोलंबियात शिकवतात हे कळल्यावर त्यांनी तिथले दुसरे प्राध्यापक डेव्हिड डॉड यांना पत्र लिहून प्रवेश मिळवला.

ग्रॅहम यांची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. ते फळ्यावर ‘कंपनी अ’ आणि ‘कंपनी ब’ असे आकडे मांडायचे आणि विद्यार्थ्यांकडून तुलना करून घ्यायचे. एक मजबूत दिसायची, दुसरी डळमळीत. चर्चा रंगली की शेवटी उलगडा व्हायचा की दोन्ही एकच कंपनी आहे, वर्षं तेवढी वेगळी. कंपनीच्या नावाची भुरळ उतरवून नुसत्या आकड्यांकडे बघायला लावण्याचा याहून साधा उपाय मला माहीत नाही. नाव नसलेलं पान वाटायची कल्पना मी तिथूनच उचलली आहे.

ग्रॅहम यांच्या वर्गात चालू बाजारातली उदाहरणं असायची. काही विद्यार्थी ती टिपून घेत आणि तेच शेअर विकत घेत. बफे यांचाही डोळा गुरूच्या खरेदीवर होताच. फरक पडला तो पुढे.

सहावा मजला

ग्रंथालयात अमेरिकेतल्या नामवंतांच्या परिचयकोशात ग्रॅहम यांच्या नावापुढे एक ओळ होती : गव्हर्न्मेंट एम्प्लॉईज इन्शुरन्स कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष. हीच गायको. लिओ गुडविन यांनी पत्नी लिलियन यांच्या साथीने १९३६ साली टेक्ससमध्ये ती सुरू केली आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला नेली. १९४८ साली ग्रॅहम-न्यूमनने तिचा निम्मा हिस्सा सात लाख डॉलरपेक्षा थोड्या जास्त किमतीला घेतला होता.

आता आपल्याकडे काय होतं ते बघा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे कंपनीचे एक टक्क्याहून जास्त शेअर ज्याच्याकडे आहेत त्याचं नाव दर तिमाहीला जाहीर होतं. कुणा मोठ्या गुंतवणूकदाराचं नाव त्या यादीत दिसलं की दुसऱ्या दिवशी गावागावातून ऑर्डर पडतात. नाव दिसलं, घेऊन टाकला. का घेतला, किती काळासाठी घेतला, त्याच्या एकूण पैशांतला हा केवढा तुकडा, यातलं काहीच यादीत नसतं. तो विकून बाहेर पडला तर तेही पुढची यादी येईपर्यंत कळत नाही.

बफे यांचीही सुरुवात अशाच एका नावापासून झाली. पण त्यांनी ऑर्डर दिली नाही. आधी ग्रंथालयातच विमा कंपन्यांची माहिती काढून वाचली. मग जानेवारी १९५१ मधल्या एका शनिवारी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनची गाडी पकडली. आधी वेळ ठरवलेली नव्हती. पोचले तर कार्यालय बंद. त्यांनी दार ठोठावलं, ठोठावत राहिले, शेवटी इमारतीचा राखणदार आला. आत बोलण्यासारखं कुणी आहे का, असं विचारल्यावर तो म्हणाला, सहाव्या मजल्यावर एक जण काम करतोय.

ते होते लॉरिमर डेव्हिडसन, कंपनीचा कारभार बघणाऱ्या गुडविन यांचे सहायक. पुढे तेच गायकोचे प्रमुख झाले. पाच मिनिटं बोलून पोराला वाटेला लावू, असं त्यांच्या मनात होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. पोराने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि चार तास गेले.

या चार तासांचा विचार माझ्या मनात फार घोळतो. ‘ग्रॅहम यांचा विद्यार्थी’ एवढीच बफे यांची ओळख होती. त्या ओळखीने दार उघडलं, पण पाच मिनिटांचे चार तास प्रश्नांनी केले. शेअरचा भाव वाढेल का, हा प्रश्न असता तर ते पाच मिनिटांतच उरकलं असतं. विमा कंपनी पैसे कशातून कमावते, तुमचा खर्च इतरांपेक्षा कमी कसा, हे विचारणाऱ्याला मात्र त्या धंद्यातला माणूस हातचं राखून सांगत नाही. आपल्याकडेही हा अनुभव येतो. एखाद्या कारखानदाराला त्याच्या शेअरबद्दल विचारा, तो विषय बदलेल. त्याच्या बॉयलरबद्दल विचारा, चहा मागवेल.

डेव्हिडसन यांनी समजावलं ते थोडक्यात असं. विमा कंपनी हप्ता आधी घेते आणि दावे नंतर भरते. मधल्या काळात तो पैसा तिच्या हातात असतो. हप्त्यातून दाव्यांचे पैसे आणि चालवण्याचा खर्च वजा करून जे उरतं तो विम्याचा नफा. बाकीच्या कंपन्या एजंटांमार्फत विकत होत्या. त्यांच्या खर्चात कमिशनचा वाटा मोठा होता आणि धंद्याची सगळी घडीच एजंटांवर बसलेली असल्यामुळे ते कमिशन त्यांना तोडताही येत नव्हतं. गायको टपालाने थेट विकत होती. शिवाय सरकारी नोकर गाडी जपून चालवतो, त्यामुळे दावेही कमी.

बैठकीत मी हे रुपयांत मांडलं, आकडे केवळ समजण्यापुरते. शंभर रुपये हप्ता आला. दोन्ही कंपन्यांचे दावे ६५ रुपये. एजंटवाल्या कंपनीचा खर्च ३३, तिच्या हातात उरले २. थेट विकणारीचा खर्च २०, तिला उरले १५. आता दोघींनीही हप्ता दहा रुपयांनी उतरवला तर पहिली तोट्यात जाते आणि दुसरीला तरीही पाच उरतात.

आबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “म्हणजे अडत नाही.”

आबांचा बेदाणा तासगावच्या सौद्यात जातो. काही वर्षांपासून थोडा माल ते पाव किलो, अर्धा किलोची पाकिटं करून थेट पुण्यातल्या गिऱ्हाइकांना पाठवतात. त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. “भाव चांगला असला की सौद्यात काय आणि पाकिटात काय, फार फरक जाणवत नाही. भाव पडला की कळतं. सौद्यातल्या मालाला खर्च वजा जाता हातात काही उरत नाही आणि पाकिटावर मी तग धरतो. पण पाकिटाचं गिऱ्हाईक जमवायला चार वर्षं गेली, ती शेजाऱ्याला विकत घेता येत नाहीत.”

डेव्हिडसन यांनी वॉशिंग्टनमध्ये नेमकं हेच शिकवलं होतं.

आकडेही त्याला दुजोरा देत होते. १९४९ साली गायकोला विम्याच्या धंद्यातून हप्त्यावर २७.५ टक्के नफा झाला, त्याच वर्षी इतर कंपन्यांची सरासरी होती ६.७ टक्के. आणि शेअर मिळत होता १९५० च्या नफ्याच्या साधारण आठ पट भावात.

खरेदी

विमा शेअरमधल्या जाणकारांकडे बफे यांनी विचारणा केली. त्यांनी शेअर महाग ठरवला. बफे यांनी तरीही १९५१ मध्ये चार वेळा मिळून ३५० शेअर घेतले, एकूण १०,२८२ डॉलरचे. वर्षअखेर त्यांच्या सगळ्या मालमत्तेत ६५ टक्क्यांहून जास्त वाटा या एका शेअरचा होता. ओमाहा या आपल्या गावी परतून वडिलांच्या ब्रोकर पेढीत शेअर विकायला लागल्यावरही ते जवळपास याच एका शेअरबद्दल बोलत. पहिलं गिऱ्हाईक अॅलिस आत्या. बाकीचे लोक विशीतल्या त्या काटकुळ्या पोराचं फारसं ऐकत नसत. वर्ष संपता संपता त्यांनी एका आर्थिक नियतकालिकात या शेअरवर छोटा लेखही लिहिला.

इथे ग्रॅहम यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती शिकणाऱ्याच्या फार कामाची आहे. बाजार चढलेला आहे, तेव्हा या धंद्यात शिरायला थोडं थांब, असा सल्ला त्यांनी त्याच वर्षी बफे यांना दिला होता. वडिलांनीही तेच सांगितलं होतं. अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक तेव्हा २०० च्या वर होता आणि तोपर्यंत दर वर्षी कधी ना कधी तो २०० च्या खाली येऊन गेलेला होता. म्हणजे सल्ल्याला आधार होता. पण तो पुन्हा कधीच २०० च्या खाली आला नाही. ऐकलं असतं तर माझ्याकडे अजूनही दहा हजार डॉलरच असते, असं बफे नंतर सांगत. ग्रॅहम यांची पद्धत टिकली, बाजाराबद्दलचा त्यांचा अंदाज टिकला नाही. इतक्या मोठ्या माणसाचा अंदाज चुकतो, तर टीव्हीवरच्या अंदाजांचं काय करायचं ते आपण ठरवावं.

विक्री

आता १९५२. वेस्टर्न इन्शुरन्स सिक्युरिटीज नावाचा शेअर वर्षाच्या नफ्याच्या एक पटीहून किंचित जास्त भावात मिळत होता. म्हणजे कंपनीचा नफा असाच चालू राहिला तर एका वर्षात शेअरची किंमत वसूल. ग्रॅहम यांच्या फळ्यावर ही ‘कंपनी ब’ असती तर सगळ्या वर्गाने तिलाच मत दिलं असतं. बफे यांनी गायको पूर्ण विकला तो मुख्यतः हा शेअर घेण्यासाठी.

माझ्या वाचनात या व्यवहाराबद्दल दोन टोकाची मतं येतात. एक म्हणजे मोठे लोकही चुकतात. दुसरं म्हणजे चांगला शेअर कधीच विकू नये. दोन्हींनी माझं समाधान होत नाही. पहिल्यातून शिकण्यासारखं काही नाही आणि दुसरं धोकादायक आहे, ते का ते १९७६ च्या हकिकतीत दिसेल.

माझं म्हणणं असं. बफे यांना दोन गुरू भेटले होते. ग्रॅहम यांनी किंमत मोजायला शिकवलं, वर्गात, आठवड्यामागून आठवडे, उदाहरणांवर उदाहरणं देऊन. डेव्हिडसन यांनी धंदा वाचायला शिकवलं, फक्त एका शनिवारी. किंमत हा आकडा आहे. आकडा आकड्याशेजारी ठेवता येतो : इकडे आठ, तिकडे एक. ‘यांना एजंट नाहीत आणि इतरांना ते काढता येत नाहीत’ याचा आकडा होत नाही. तो धडा मनात असतो, कागदावर येत नाही. दोन शेअर तुलनेला शेजारी ठेवले की कागदावरचा धडा जिंकतो. १९५२ मध्ये तेच झालं. शनिवारच्या चार तासांत जे समजलं होतं त्यातलं काहीही बदललेलं नव्हतं. एजंट आलेले नव्हते, दावे वाढलेले नव्हते. बदलला होता फक्त शेजारच्या दुकानातला भाव.

यात आणखी एक पदर आहे. खुद्द ग्रॅहम यांनाही गायकोने त्यांच्या नियमाबाहेर नेलं. पसरून ठेवा म्हणणाऱ्या ग्रॅहम-न्यूमनने आपल्या निधीचा जवळपास पाचवा हिस्सा या एका कंपनीत घातला होता. नंतर अडचण निघाली. कायद्याप्रमाणे गुंतवणूक कंपनीला विमा कंपनीत एवढा मोठा हिस्सा ठेवता येत नव्हता. म्हणून ग्रॅहम-न्यूमनला गायकोचे शेअर आपल्याच भागधारकांना वाटून टाकावे लागले. ज्यांनी ते ठेवले त्यांचं भलं झालं. या एकाच गुंतवणुकीतून झालेला फायदा वीस वर्षांतल्या बाकी सगळ्या व्यवहारांच्या बेरजेपेक्षा जास्त होता, असं ग्रॅहम यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. हे लिहायला मोठं मन लागतं. शेकडो नियमबद्ध व्यवहार एका बाजूला आणि नियमात नीट न बसणारा एक व्यवहार दुसऱ्या बाजूला, आणि दुसरं पारडं जड आहे हे त्यांनी लपवलं नाही.

१९७६

चांगला शेअर कधीच विकू नये हे धोकादायक का, ते इथे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिडसन निवृत्त झाले. नंतरच्या कारभाऱ्यांनी दाव्यांपोटी किती द्यावे लागतील याचा अंदाज फार कमी धरला, त्यामुळे पॉलिसी स्वस्तात विकल्या गेल्या. विम्यात ही चूक लगेच दिसत नाही, कारण हप्ता आज येतो आणि दावा उद्या. १९७५ साली प्रचंड तोटा उघड झाला. १९७२ च्या आसपास साठ डॉलरच्या वर असलेला शेअर १९७६ मध्ये दोन डॉलरच्या आसपास आला. कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती. ज्याने ‘कधीच विकणार नाही’ म्हणून डोळे मिटून ठेवला असेल, त्याच्या हातात काय उरलं असेल ते बघा.

मे १९७६ मध्ये जॅक बायर्न प्रमुख म्हणून आले. त्यांनी कार्यालयं बंद केली, माणसं कमी केली, दर वाढवले, ज्या राज्यात परवडत नव्हतं तिथून बाहेर पडले. न्यू जर्सी त्यातलंच एक. बफे वॉशिंग्टनमध्ये त्यांना भेटले, रात्री उशिरापर्यंत बोलले आणि त्यानंतर त्यांच्या बर्कशायर या कंपनीने खरेदी सुरू केली. १९८० च्या अखेरीपर्यंत ४ कोटी ५७ लाख डॉलर घालून गायकोचा तिसरा हिस्सा त्यांच्याकडे आला. पुढे कंपनी स्वतःचे शेअर परत विकत घेत गेल्यामुळे एक पैसाही न घालता तो निम्म्यापर्यंत पोचला. १९९५ मध्ये उरलेला निम्मा हिस्सा घ्यायचं ठरलं तेव्हा बर्कशायरने त्याला २३० कोटी डॉलर मोजायची तयारी दाखवली.

या वेळी दोन्ही धडे एकत्र आलेले दिसतात. भाव कोसळलेला होता, तो ग्रॅहम यांचा धडा. पण नुसता भाव कोसळला म्हणून घ्यायचा तर बुडणारी कंपनीही स्वस्तच असते. बफे यांनी बघितलं ते हे की कारभार बिघडलाय, पण थेट विक्रीतला कमी खर्च शाबूत आहे. आबांच्या भाषेत, बाग रोगाने गेलीय, पण पाकिटाचं गिऱ्हाईक तसंच आहे. सहाव्या मजल्यावरचा तो शनिवार होऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रॅहम गेले.

त्याच वर्गातले इतर

वॉल्टर श्लॉस हेही ग्रॅहम यांचेच शिष्य. ते कॉलेजात गेले नव्हते, ग्रॅहम यांच्या संध्याकाळच्या वर्गात शिकले आणि नंतर त्यांच्याकडे नोकरीला राहिले. स्वतंत्र झाल्यावर त्यांनी आयुष्यभर शंभराच्या घरात शेअर ठेवले, कंपन्यांच्या लोकांना भेटणं टाळलं, आकड्यांवरच विसंबले. बफे नेमके उलट टोकाला : मोजके शेअर, धंद्याच्या माणसांशी लांबलचक गप्पा. दोघांनीही दशकानुदशकं बाजाराला मागे टाकलं. १९८४ साली कोलंबियात केलेल्या भाषणात बफे यांनी श्लॉस आणि इतर काही सहाध्यायांची कामगिरी मांडली होती. या सगळ्यांकडचे शेअर वेगवेगळे होते. मोलापेक्षा कमी भावात घ्यायचं, एवढंच समान.

म्हणून ‘अमक्यांचा पोर्टफोलिओ’ शिकायचा नसतो असं मी म्हणतो. स्वभाव वेगळा असेल तर एकाच गुरूच्या दोन शिष्यांची डिमॅट खाती एकमेकांना ओळखणारसुद्धा नाहीत.

आपल्याकडे

शिकवण्याच्या नावाखाली काय चालतं, ते वाचकांना मी सांगायला नको. मी स्वतः एका हॉटेलच्या सभागृहात दोन दिवसांची कार्यशाळा केली आहे. फी भरून. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर शिकवणं संपलं आणि पडद्यावर चालू भाव आले. लोक खुर्चीत बसून मोबाइलवर ऑप्शन, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारखे सौदे, घेऊ लागले. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी मला विचारलं, “दादा, हे कॉल म्हणजे नेमकं काय हो?” त्यांची ऑर्डर गेलेली होती.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींमागे ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. त्यानंतर २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने स्पष्ट केलं की जो फक्त शिक्षण देतो असं म्हणतो, त्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. मला हा विचार पटतो. ग्रॅहम यांच्या वर्गात चालू शेअर होते हे खरं, पण नाव समजलं की विद्यार्थ्याचं कान देणं थांबतं आणि हात फोनकडे जातो. जुन्या आकड्यांवर माणूस विचार करतो.

अनुभवी माणसांचं बोलणं आज फुकट मिळतं, ते मात्र फार थोडे जण ऐकतात. कंपन्यांच्या तिमाही निकालांनंतरच्या चर्चेत म्युच्युअल फंडांचे आणि संशोधन संस्थांचे लोक व्यवस्थापनाला प्रश्न विचारतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या या चर्चांचं लेखी रूप शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर असतं. ते वाचताना मी उत्तरांवर हात ठेवतो आणि आधी फक्त प्रश्न वाचतो. हा माणूस हेच का विचारतोय? मागच्या तिमाहीत त्याने काय विचारलं होतं? सर्वसाधारण विमा कंपन्यांनाही दर तिमाहीला आपले आकडे जाहीर करावे लागतात, त्यात दावे किती आणि खर्च किती हे वेगवेगळं दिलेलं असतं. ओमाहाच्या त्या मुलाला ज्यासाठी गाडी पकडावी लागली, त्यातलं निम्मं तरी आपल्याला घरबसल्या मिळतं. दार ठोठावण्याचं काम मात्र उरतंच.

पुन्हा ते पान

बैठकीत उलगडा झाल्यावर नऊ जणांपैकी बरेच जण हळहळले. मी त्यांना म्हटलं, हळहळू नका, पुढे काय झालं हे तुम्हाला माहीत नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. प्रश्न इतकाच की तुम्ही हात वर केलात तेव्हा कुठल्या कंपनीचा विचार करत होतात? जवळपास सगळ्यांचं उत्तर आलं, दुसऱ्या. पहिल्या कंपनीबद्दल पानावर चार वाक्यं होती, ती विकताना कुणी परत वाचली नव्हती.

न विकणाऱ्या दोघांत आबा होते. त्यांनी विचारलं, “पोरानं घेताना कारण लिहून ठेवलं होतं, छापूनसुद्धा आणलं होतं. मग विकताना तो कागद काढून बघितला असेल का?”

त्या दिवसापासून आमच्या गटाच्या नोंदवहीत तीन रकाने आहेत. कंपनीचं नाव. घेताना लिहिलेलं कारण. ते कारण आज शिल्लक आहे का. पुढच्या महिन्यात आबा स्वतःची वही घेऊन आले. अकरा शेअर होते. सात शेअरपुढे दुसरा रकानाच कोरा होता, ते कुणी कुणी सांगितलं म्हणून घेतलेले. ते विकू का, असं त्यांनी विचारलं नाही. त्या सातही कंपन्यांचे अहवाल मागितले आणि म्हणाले, ऑक्टोबर छाटणी उरकली की वाचायला बसतो, तोवर वही तुमच्याकडेच राहू द्या.